चौथ्या खुर्चीवरची ट्रंक

मामाच्या ऑर्केस्ट्राची कॅसेट माझ्या हाती लागली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि कशातच माझं मन लागत नव्हतं. परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना लेबलं लावायची, तास संपला की टेबलं पुसायची. वाईट काहीच नव्हतं. पण संध्याकाळी घरी आलो की मी या खोलीतून त्या खोलीत हिंडत राहायचो. बायको विचारायची, "कायी हरवलंय का तुमचं?" हरवलेलं काही नव्हतं. असतं तर शोधून तरी काढलं असतं.

मामा रेल्वेत होता, पूर्णेला. आता निवृत्त होऊन पिंगळीला राहतो. तरुणपणी त्याने पूर्णेत तिघांना जमवून ऑर्केस्ट्रा काढला होता. तो स्वतः अकॉर्डियन वाजवायचा. एक गाणारा, एक ड्रमवाला आणि एक बास गिटारवाला. लग्नं, गणपती, जयंत्या, रेल्वे कॉलनीतले कार्यक्रम, सगळीकडे हे चौघं जायचे. पुढे बदल्या झाल्या, डीजे आले आणि सगळं बंद पडलं. कॅसेट तेवढी उरली होती. "ही मोबाइलवर घेऊन दे," म्हणून मामाने ती मला दिली.

मी कानाला हेडफोन लावून ती कॉम्प्युटरवर उतरवत होतो. गाणं चाललं होतं, अकॉर्डियन जोरात होता, आणि त्या सगळ्याच्या खालून कोणीतरी चालत होतं. खरंच, पावलं टाकल्यासारखं. मुखड्यावर परत येताना ते पाऊल एक मात्रा थांबायचं आणि मग पडायचं. ती एक रिकामी मात्रा आली की ठेका धरलेला माझा पायही हवेतच राहायचा. मी मागे घेऊन तेच पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. बायको जेवायला बोलावून थकली.

तो आवाज बास गिटारचा आहे एवढंही मला माहीत नव्हतं. कळल्यावर मला राहवेना. नांदेडला एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना बास मिळवला. घरी वाजवला की शेजारी भिंत ठोकायचे, म्हणून कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत बसायचो. जाड तार छेडली की कपाटातले काचेचे फ्लास्क गुणगुणायला लागायचे. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. शिकवायला कोणी नव्हतं, ती कॅसेटच होती. सगळ्या जागा जमल्या, पण ती रिकामी मात्रा जमेना. मी प्रत्येक वेळी आधीच पडायचो. मला थांबता येत नव्हतं.

दुसरा नाद लागला तो फोटोंचा. कॉलेजच्या जुन्या कपाटात शिक्षकांचा एक पिवळा पडलेला ग्रुप फोटो सापडला. त्यातले जे हयात होते त्यांना मी बोलावलं आणि त्याच पायऱ्यांवर, त्याच क्रमाने उभं करून तसाच फोटो काढला. लोकांना लय आवडला. मग माझ्याकडे जुने फोटो यायला लागले. कोणाचं लग्न, कोणाची शाळेची तुकडी, पिंगळीच्या बाजारातलं एक कापडाचं दुकान. मी तसाच फोटो पुन्हा काढायचो. सावली जिथे पडली होती तिथेच पडली पाहिजे, हात जिथे होता तिथेच हवा, शर्टाचं वरचं बटण उघडं असेल तर उघडंच. लोक वैतागायचे. फोटो जुळला की मला दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा हिंडणं सुरू.

अशात मामाच्या भिंतीवरचा फोटो माझ्या मनात शिरला. तो लहानपणापासून बघत आलो होतो. पूर्णेला रेल्वे क्वार्टर्सच्या भिंतीपुढे ऑर्केस्ट्रातले चौघं. खुर्च्यांवर गाणारा, ड्रमवाला आणि मामा, समोर जमिनीवर मांडी घालून बासवाला, त्याच्या मांडीवर बास. मामाच्या बाजूला अकॉर्डियनची ट्रंक. त्या ट्रंकेचं मामाला भारी कौतुक. पूर्णेच्या एका पत्रेवाल्याकडून त्याने ती मापाने करून घेतली होती.

"हा फोटो आपण परत काढायचा," मी मामाला म्हणालो.

"अरे, गाणारा तर गेला."

"त्याच्या मुलीला बसवू. ड्रमवाले काका पूर्णेतच आहेत. बासवाले कुठे असतात?"

"येलदरीकडं असंल कुठंतरी," मामा म्हणाला. "मला न्हाई म्हाईत."

पत्ता ड्रमवाल्या काकांकडून मिळाला. त्यांना आता ऐकू कमी येतं, पण फोनवर ओरडून ओरडून त्यांनी सांगितलं. बासवाले काका येलदरीच्या वीजकेंद्रात नोकरीला लागले होते, निवृत्तीनंतर धरणाजवळच्या गावातच घर केलं. मी एका रविवारी जिंतूरवरून तिथे पोचलो. सडसडीत, उंच म्हातारा. बाहेर बाजेवर बसून मासेमारीच्या जाळ्याची गाठ सोडवत होता.

"जयभीम," ते म्हणाले. मी कोणाचा भाचा ते सांगितलं, तसे त्यांचे हात थांबले. "असं का. या भाचे, बसा."

मी अधीरपणे कॅसेटबद्दल, माझ्या बासबद्दल सांगत सुटलो. त्या रिकाम्या मात्रेबद्दल विचारलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला आणि हसले. "तितं मला खोकला आला असंल."

"प्रत्येक वेळी?"

"मंग न्हाई आला." त्यांनी जाळ्याची गाठ पुन्हा हातात घेतली. "समदे भरून वाजवायचे. एकानं तरी जागा सोडावं ना."

फोटोसाठी याल का, असं मी विचारलं. तुमचा बास आणाल का, असं त्यांनी उलट विचारलं. आणीन म्हणालो. मग, "येतो," म्हणाले. ते फोटोसाठी येणार होते की बाससाठी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझ्या डोक्यात कोन आणि सावल्या होत्या.

पुढचे तीन आठवडे मी नुसता पळत होतो. भिंत तीच होती, रंग बदलला होता. मोठ्या कॉलरचे शर्ट शिंप्याकडून शिवून घेतले. मंडपवाल्याकडे गोदामात जुन्या लाकडी घडीच्या खुर्च्या सापडल्या, चार घेतल्या. फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून मी शर्टांची बटणं मोजली, सावलीवरून वेळ काढली, सकाळचे नऊ. मामाची ट्रंक माळ्यावर होती, ती खाली काढून पुसली. मामाही खूष होता. अकॉर्डियनचा भाता फाटला होता, तरी रोज थोडा वेळ मांडीवर घेऊन बसायचा.

त्या सकाळी सगळे जमले. गाणाऱ्याची मुलगी, जिला मी ताई म्हणतो, वडिलांसारखा शर्ट घालून आली होती आणि लाजत होती. बासवाले काका पहिल्या गाडीने आले. मामाने "राम राम" केला, त्यांनी "जयभीम" केला. दोघांनी एकमेकांचे पांढरे केस बघितले आणि दोघंही हसले. काकांनी बास हातात घेतला, पाठीवरून हात फिरवला आणि उभ्या उभ्याच चार स्वर वाजवले. ड्रमवाल्या काकांना ऐकू गेलं नसावं, पण त्यांनी मांडीवर ठेका धरला. तेव्हाच मी कॅमेरा खाली ठेवायला हवा होता. पण मी म्हणत होतो, "चला, चला, बसून घ्या, ऊन सरकायलंय."

ताई बसली, ड्रमवाले काका बसले, मामा बसला. चौथ्या खुर्चीवर मी ट्रंक ठेवली, कडी उजवीकडे, फोटोत होती तशी. मग जमिनीवर खडूने खूण केली.

"काका, तुम्ही इथे. मांडी घालून. बास असा आडवा."

ते उभेच राहिले.

"ऊन सरकायलंय, काका."

"भाचे," ते म्हणाले, "खुर्च्या किती हायेत?"

"चार."

"माणसं किती?"

मी मोजायला बोट वर केलं आणि तिथेच थांबलो.

"मंग ती ट्रंक कामून बसलीय?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. ताईने मामाकडे बघितलं. मामा हसल्यासारखं करून म्हणाला, "अरे, तवा फोटोवाल्यानं तसं बसवलं होतं. पुढं एक माणूस पायजे, फोटो भरल्यासारखा दिसतो म्हणून."

"फोटोवाल्यानं न्हाई," काका म्हणाले. "मी त्या खुर्चीकडं यायलो होतो. तेवढ्यात ट्रंक ठिवली गेली. मी वाट बघत उभा राह्यलो, कोनीतरी उचलंल म्हणून. कोनी उचलली न्हाई. फोटोवाला म्हणाला, बसा लवकर, ऊन सरकायलंय. मंग मी बसलो."

ड्रमवाले काका सगळ्यांच्या तोंडाकडे बघत विचारत होते, "काय झालं? काय म्हणला तो?"

मी पुढे होऊन ट्रंक उचलली. "काका, तुम्ही इथे बसा. चुकलं माझं. आपण असाच काढू."

"नगं आता." त्यांनी बास नीट कव्हरमध्ये घातला, चेन ओढली आणि माझ्या हातात दिला. ताईजवळ जाऊन तिच्या आईची तब्येत विचारली. मी आणलेला चहा पिऊन कप धुऊन ठेवला. मग ड्रमवाल्या काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकटेच स्टेशनच्या रस्त्याने चालायला लागले. मी मागे धावलो. "सोडतो ना तुम्हाला."

"ऱ्हाऊ द्या. चालतो मी."

परत आलो तर मामा माझ्यावरच भडकला होता. "तुला कोनी सांगितलं होतं उकरायला? चांगलं चाललं होतं सगळ्यांचं!"

ताईने शांतपणे विचारलं, "मामा, ट्रंक कोणी ठेवली होती?"

"मला काय आठवतंय आता? इतकी वर्षं झाली."

घरी येऊन मी फोटो पुन्हा मोठा केला. बटणं मोजायला मी याच स्क्रीनसमोर किती तास बसलो होतो. बासवाल्या काकांची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. ती डावीकडे, ट्रंकेकडे होती. डावा हात बासच्या गळ्यावर होता, उजवा मांडीखाली दाबलेला. मी त्या उजव्या हाताची बरोबर जागा एका वहीत लिहून ठेवली होती. तो तिथे का आहे हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

माझी झोप गेली नाही, जेवणही गेलं नाही. पण हातून काही होईना. बास काढायचो, दोन स्वर वाजवून ठेवायचो. फोटोसाठी आलेले लोक परत पाठवायचो. आठवड्याभरात तीनदा काकांना फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत तोडला. बायको हे सगळं बघत होती.

"तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" तिने विचारलं. "त्यांची माफी की तो फोटो?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"त्यात जास्त काय?"

खरं सांगायचं तर तेव्हा अजूनही फोटोच जास्त होता. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

शेवटी महिन्याभराने मी येलदरीला गेलो. काय बोलायचं ते जिंतूरपर्यंत घोकत होतो, आणि त्यांच्या दारात गेल्यावर एक शब्दही आठवेना. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

"बास न्हाई आणला?"

"नाही."

"मंग कशाला आलाव?"

पुढच्या रविवारी बास घेऊन गेलो. त्यांच्याकडे स्वतःचा बास कधीच नव्हता. ऑर्केस्ट्रातला बास मामाचा होता. नोकरी लागून ते इकडे आले तेव्हा तो पूर्णेला राहिला, त्यानंतर त्यांनी हातात घेतला तो थेट माझाच, त्या सकाळी. हे कळल्यावर मी विचारलं, "त्या फोटोनंतर तुम्ही सोडून गेलात का?"

"न्हाई. दोन वर्सं वाजवलं की त्यांच्यासंगं."

"का?"

"का म्हंजे? बास वाजवायला दुसरीकडं कुठं भेटणार होता?" ते तारा पुसत होते. "स्टेजवर चढलं की समदे एकाच उंचीवर असायचे. खाली उतरलं की जेवायचं ताट येगळं. मी म्हणायचो, दोन तास तर हायेत आपले."

मग त्यांनी मला वाजवायला लावलं. मी वाजवलं आणि ती मात्रा आली तसा आधीच पडलो. "घाई," ते म्हणाले. पुन्हा. "घाई." दुपार झाली तरी तो एकच शब्द. शेवटी म्हणाले, "तुमी थांबत न्हाईत, तुमी नुसतं पुढच्याची वाट बघायलाव. थांबनं येगळं असतंय."

मी दर रविवारी जायला लागलो. पिंगळीला गेलो की मामा इकडचं तिकडचं बोलायचा, आणि मी निघताना दारात उभा राहून विचारायचा, "काय म्हणतो तो?"

"काही नाही."

"माझ्याबद्दल?"

"तुझं नावही काढत नाहीत."

"कायीच न्हाई?"

"काहीच नाही."

मला वाटलं होतं याने मामाला हायसं वाटेल. उलटंच झालं. त्याची चिडचिड वाढली. मामी सांगायची, जेवताना मध्येच उठतो, शेताच्या कडेने फेऱ्या मारत बसतो. मामाला तसं फिरताना मी एकदा लांबून बघितलं आणि माझीच चाल ओळखू आली.

एका रविवारी सकाळी मी पिंगळीला पोचलो तर तो कपडे करून तयार होता. "मला घेऊन चल," म्हणाला.

काकांनी त्याला बघून आश्चर्य दाखवलं नाही. बाजेवर जागा करून दिली. मामा बसला, टोपी काढून हातात घेतली, परत घातली.

"ती ट्रंक मीच ठिवली होती," तो म्हणाला.

"म्हाईत हाय मला. मी बघितलं होतं ठिवताना."

"मंग तवाच बोलला कामून न्हाईस?"

"बोललो असतो तर बास गेला असता."

मामाची मान खाली गेली. आत भांड्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने मामा म्हणाला, "चुकलं गड्या. लय चुकलं."

"ते झालं," काका म्हणाले. "पण एक सांगतो. तो फोटो तुझ्या भिंतीवर हाय. येनारे-जानारे बघतेत. मी तसा खाली बसलेला रोज कोनी बघावा, असं मला वाटत न्हाई. तेवढा काढ."

मामा दचकला. "त्याच्यात आपला गाणारा हाय. त्याचा दुसरा फोटो न्हाई माझ्याजवळ. एकबी न्हाई."

"मला म्हाईत हाय."

मी न राहवून मध्ये पडलो. म्हणालो, मला कॉम्प्युटरवर करता येतं, ट्रंक काढून काकांना खुर्चीवर बसवतो, कोणाला कळणारसुद्धा नाही. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं.

"खोटं कामून करता?" काका म्हणाले. "झालं ते झालं. मी फक्त म्हणालो, भिंतीवर नगं."

मामाने त्या दिवशी हो म्हटलं नाही. परत येताना गाडीत तो खिडकीतून बाहेर बघत होता. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती. मित्र गेलेला, आणि त्याचा चेहरा बघायची ती एकच जागा. दोन आठवडे मी पिंगळीला गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात गेलो तर भिंतीवर खिळा होता, खाली चुन्याचा एक पांढरा चौकोन होता, आणि फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यासाठी टेबलावर ठेवलेला होता.

"त्याला विचार, याचं काय करायचं," मामा म्हणाला. "फाडायचा असंल तर त्यानंच फाडावा. माझ्यानं न्हाई होत."

मी तो घेऊन येलदरीला गेलो. काकांनी कागद सोडला नाही. वरूनच हात ठेवला आणि म्हणाले, "गाणाऱ्याच्या पोरीला विचारा. तिचा बाप हाय त्यात. ती म्हणंल तसं करा. पर फाडू नका."

ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्याकडे आणून द्या. कपाटात ठेवते. बाबांची आठवण आली की काढून बघेन, काकांचंही बघेन, आणि परत ठेवेन."

तिच्याकडे देऊन दोन वर्षं होतील. जुन्या फोटोसारखा फोटो काढून द्या म्हणून लोक अजून येतात, मी अजून काढतो. पण आता कोणाला बसवायच्या आधी मूळ फोटोतलं कोण कुठे आहे आणि का, ते विचारतो. काही जण सांगतात, काही जण फोटो घेऊन निघून जातात. मामा अजून येलदरीला एकटा जात नाही. माझ्यासोबत दोनदा आला. अकॉर्डियनचा भाता दुरुस्त करून घेतलाय, पण तिथे नेत नाही, आणि काकांनीही आण म्हटलेलं नाही.

परवाच्या रविवारी मी धरणाच्या बाजूला त्यांच्या अंगणात वाजवत होतो. काकांनी डोळे मिटले होते. मुखडा जवळ आला, मी बोट उचललं आणि आतून सगळं पुढे पळायला लागलं. काकांनी डोळे न उघडता हात वर केला.

"घाई," ते म्हणाले. "परत पयल्यापासून घ्या."